पंप दाब देत नाही : हायड्रॉलिक व न्यूमॅटिक विषयाची तोंडओळख

आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेले आणि गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलेले. तेव्हा डिप्लोमाच्या यंत्रविषयक एका पेपरावर आम्ही लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु संपादक मंडळाने 'विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही द्या' म्हणून सांगितले आणि गेल्या दोन वर्षांत आम्ही स्वतः शिकलो असा हा एकच विषय आहे. ज्याला अगोदर काहीच ठाऊक नव्हते त्याला कोठे अडते हे चांगले कळते, एवढीच आमची पात्रता.

निमित्त झाले ते आमच्या पुतण्याचे. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी तो 'इंडस्ट्रियल हायड्रॉलिक्स अँड न्यूमॅटिक्स' या विषयात राहिला. त्याच सुमारास एका कारखान्यात अप्रेंटिसशिपसाठी मुलाखत होती. समोरच्या वयस्क फोरमननी एकच प्रश्न विचारला, 'पंप काय देतो?' हा म्हणाला, 'प्रेशर.' फोरमननी फाईल मिटून परत दिली. घरी आल्यावर मुलाने जाहीर केले की केटीचा पेपर देणार नाही, सामान पोहोचवण्याच्या कामाला लागतो, रोजचे पैसे तरी मिळतील. आमच्या घरात इंजिनिअरिंगची पायरी चढलेला तो पहिला. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत.

आम्ही त्याचे जर्नल मागून घेतले. आकृत्या छापल्यासारख्या सुबक होत्या. एका चौकोनावर बोट ठेवून हे काय आहे असे विचारले, तर म्हणाला, 'ते तसंच काढायचं असतं, काका.' आणखी खोदल्यावर कळले की कॉलेजातील ट्रेनर किटवर प्लॅस्टिकचे आवरण घातलेले असे. कॉम्प्रेसर बंद होता. वीसवीस मुलांच्या बॅचने ते दुरून पाहिले आणि मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नले उतरवून काढली. पुस्तक इंग्रजीत, मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. शब्द पाठ होते, वस्तू डोळ्यांपुढे नव्हती. दोष कोणाचा हा वाद येथे घालत नाही. मुलाला पुन्हा टेबलाशी बसवायचे कसे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

औषधाच्या दुकानातून दोन सिरिंज आणल्या, एक लहान, एक मोठी. सुया काढून टाकल्या आणि सलाईनच्या नळीच्या तुकड्याने दोन्हींची तोंडे जोडली. आत पाणी भरले, बुडबुडे काढले. दट्ट्यांचे व्यास पट्टीने मोजले, ते साधारण नऊ व अठरा मिलिमीटर भरले. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, एवढे गणित आम्हांसही येते. लहान दट्ट्या अंगठ्याने दाबला की मोठ्या दट्ट्यावर ठेवलेला पुस्तकांचा गठ्ठा उचलला जाई. उलट मोठा दट्ट्या दाबून लहान थोपवू पाहिला तर तो बोटाने सहज थोपवता येई. येथवर पुतण्या 'पास्कल्स लॉ' म्हणून मान हलवीत होता. मग आम्ही त्याला पट्टी धरायला लावली. लहान दट्ट्या दोन सेंटिमीटर आत गेला तेव्हा मोठा जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर आला. बळ चौपट मिळाले, अंतर चौथ्या हिश्श्यावर आले. आम्ही रोज संध्याकाळी जमाखर्च जुळवणारी माणसे. हा हिशेब आम्हांला लगेच पटला. कोणतेही यंत्र फुकटची जमा दाखवीत नाही. उलट थोडी तूटच येते, कारण दट्ट्याचे रबर घासते आणि त्यात काही श्रम जातात.

बंदिस्त द्रवाच्या एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा तो नियम. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच विद्वान १६६२ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला आणि या विषयावरील त्याचे लेखन पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट मात्र इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा या कुलुपे बनविणाऱ्याने १७९५ साली घेतले. मध्ये शंभरावर वर्षे गेली. यंत्र करू पाहणाऱ्यांपुढची खरी अडचण गळतीची होती. दट्ट्याभोवती फट ठेवली तर पाणी निसटते आणि घट्ट बसवला तर दट्ट्या हलत नाही. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या कारागिराने कातड्याची वाटी बसवून तोड काढली, असे श्रेय त्याला दिले जाते. दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीला अधिक घट्ट चिकटे, दाब गेला की सैल पडे. आज रबराचे सील वापरतात, त्यातील कित्येकांची युक्ती तीच आहे. पुस्तकात सीलचे प्रकरण शेवटी दोन पानांत उरकलेले असते. आमच्या मते ते पहिले हवे.

आता फोरमनच्या प्रश्नाकडे येऊ. पंप दाब देत नाही, पंप प्रवाह देतो. दाब येतो तो अडथळ्यामुळे. आम्हांस हे समजायला एक आठवडा लागला आणि समजले ते बँकेतच, पेन्शनच्या दिवशी. दारातून माणसे एका गतीने आत येत असतात. सर्व काउंटर चालू असले की रेटारेटी नसते. दोन काउंटर बंद पडले की त्याच गतीने येणाऱ्या माणसांत चेंगराचेंगरी सुरू होते. दाराने रेटारेटी आत पाठवलेली नसते, ती आत माणसे अडल्यामुळे तयार होते. हायड्रॉलिक यंत्रातील गिअर पंप किंवा पिस्टन पंप प्रत्येक फेऱ्याला ठराविक तेल पुढे ढकलतो. पुढे वाट मोकळी असेल तर दाबमापकाचा काटा जवळजवळ शून्यावर राहतो. सिलिंडरला भार उचलावा लागला की काटा भार उचलण्यापुरता चढतो. सिलिंडर शेवटाला टेकला आणि तेलाला वाटच उरली नाही, तर काटा चढतच जातो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह लागतो. ठरवलेल्या दाबाला तो उघडतो आणि तेल टाकीत परत सोडतो. तो नसेल तर नळी फुटेल किंवा मोटर अडेल. (इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवणारा पंप निराळ्या जातीचा. त्याचे तोंड बंद केले तर तो आतल्या आत पाणी घुसळत बसतो. पुतण्याच्या डोक्यात हे दोन पंप एक झाले होते.)

ही गाठ सुटली की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. सिलिंडर सावकाश चालतो, अशी तक्रार आली तर प्रवाह पाहावा. भार उचलत नाही, अशी तक्रार आली तर दाब पाहावा. केटीच्या पेपरातली निम्मी उदाहरणेही येथेच येतात. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याचे क्षेत्रफळ १९६३ चौरस मिलिमीटर. मिनिटाला १० लिटर तेल दिले तर दट्ट्या सेकंदाला सुमारे साडेआठ सेंटिमीटर पुढे जातो. परत येताना २५ मिलिमीटरची दांडी जागा अडवते, क्षेत्रफळ १४७२ उरते, म्हणून तेवढ्याच तेलात तो सव्वाअकरा सेंटिमीटरच्या वेगाने मागे येतो, परंतु बळ कमी पडते. जाताना जोर जास्त, येताना वेग जास्त, हे मुलाने नंतर आम्हांला न विचारता सांगितले.

सिरिंजचा दुसरा प्रयोग आपोआप घडला. एका संध्याकाळी पाणी भरताना मधे मोठा बुडबुडा राहून गेला. लहान दट्ट्या दाबला, मोठा हललाच नाही. आणखी दाबला तेव्हा एकदम उसळला आणि वरची पुस्तके खाली पडली. आमचे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे वडील, खाटेवरून हे पाहत होते. त्यांचे सारे आयुष्य गॅरेजमध्ये गेले. ते म्हणाले, 'अरे, हवा काढली नाहीस. ब्रेकमध्ये हवा गेली की पेडल असंच मऊ लागतं.' मुलगा वडिलांकडे पाहतच राहिला. द्रव दबत नाही, हवा दबते, हे वाक्य त्याने जर्नलात तीन ठिकाणी लिहिले होते. घरातला माणूस तीस वर्षे तेच हाताने करीत होता, याची जाणीव त्याला तेव्हा झाली. त्या दिवसापासून आमची शिकवणी संपली आणि दादांची सुरू झाली. आम्ही बाजूला बसून टिपणे काढली.

तेलही अगदीच दबत नाही असे नाही. १०० बार दाबाखाली त्याचे आकारमान अर्धा ते पाऊण टक्का कमी होते. हवेची गोष्ट निराळी. एक बार म्हणजे जवळजवळ चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि आपल्या अंगावर वातावरणाचा दाब एवढाच असतो. कॉम्प्रेसर साधारण आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो, तेव्हा दाबमापकावर सात बार दिसतात. दाबमापकाचे शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. म्हणून बॉइलच्या नियमाचे गणित करताना त्यात एक मिळवावा लागतो. हा एक विसरल्याने किती मुलांचे गुण गेले असतील कोण जाणे.

तोच ५० मिलिमीटरचा सिलिंडर सहा बार हवेवर चालवला तर सुमारे १२० किलोचा जोर मिळतो. १०० बार तेलावर चालवला तर दोन टन. म्हणून जेसीबीची सोंड, प्रेस, ट्रकचा डंपर ही सगळी तेलावर चालतात. हवेवर चालते ते हलके, झटपट, पुन्हा पुन्हा करायचे काम, जसे बाटल्यांना बूच लावणे, खोकी ढकलणे, बसचे दार उघडणे. तेल काम झाल्यावर टाकीत परत न्यावे लागते, हवा मात्र जागेवरच सोडून देतात. बस थांबली की फुस्स होते ते त्यामुळे. हवा फुकट आहे म्हणून न्यूमॅटिक स्वस्त, असे एका गाईडमध्ये छापलेले पाहिले. ते खरे नाही. हवा दाबताना विजेचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. गळक्या जोडातून सुस्स करीत जाणारी हवा म्हणजे मीटरवरचे पैसे होत.

आता ते चौकोन. विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते ती चिन्हांची भाषा, आणि ती सर्वांत सोपी आहे. दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या चिन्हात जितके चौकोन तितक्या त्याच्या अवस्था. एका चौकोनाला जितक्या नळ्या लागतात तितकी त्याची तोंडे. चार तोंडे, तीन अवस्था असलेला तो चार-बाय-तीन व्हॉल्व्ह. पी म्हणजे पंपाकडून, टी म्हणजे टाकीकडे, ए आणि बी सिलिंडरच्या दोन बाजूंना. पुतण्याने जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून तीवर तीन चौकोन काढले आणि वहीतल्या चार नळ्यांवर ती पट्टी सरकवून पाहिली. नळ्या जागच्या जागी, चौकोन सरकतात. डावा चौकोन नळ्यांवर आला की पी ला ए मिळतो आणि सिलिंडर पुढे जातो, उजवा आला की पी ला बी मिळतो आणि तो मागे येतो. मधल्या चौकोनात ए व बी बंद असतील तर तेल अडकून पडते आणि सिलिंडर आहे तेथे थांबतो. पट्टी करायला पाच मिनिटे लागली. वर्षभरात त्याला कोणी ती करायला सांगितले नव्हते.

आम्ही लोकलने येतो-जातो, म्हणून रेल्वेच्या ब्रेकबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेचा ब्रेक आणला. त्यात ब्रेक लावायचा झाला की चालक नळीतून मागे हवा सोडी. परंतु नळी तुटली किंवा डबे सुटले की ब्रेकच गेला. तीन वर्षांत त्याने रचना उलटी केली. नळी सदैव भरलेली ठेवायची, प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी द्यायची आणि नळीतला दाब उतरला की त्या टाकीतली हवा ब्रेक आवळील अशी झडप बसवायची. आता नळी तुटली तर गाडी उभी राहते. आपल्याकडील एअर ब्रेकच्या गाड्यांत ही नळी चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाबाने भरलेली असते, आणि साखळी ओढली की तिच्यातलीच हवा निसटते. परीक्षेत 'फेल सेफ म्हणजे काय' असे विचारले तर व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे लिहावे.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा आम्ही विचार केला. दादांची परवानगी घेऊन लिहितो. २००९ साली ते एका गाडीखाली काम करीत असता जॅक आपोआप खाली बसत गेला आणि त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. घरात 'जॅकने दगा दिला' एवढेच बोलले जाई. केटीच्या अभ्यासात जॅकची आकृती आली तेव्हा मुलाने वडिलांना विचारले, 'बाबा, खाली स्टँड लावलं होतं?' दादा म्हणाले, 'गॅरेजात स्टँडच नव्हतं.' मग मुलाने वहीत काढून दाखवले. भार पेलून धरणारे तेल एका इवल्या गोळीच्या बैठकीने अडवलेले असते. त्या बैठकीवर कचऱ्याचा कण बसला किंवा सील झिजले, तर तेल थेंबाथेंबाने निसटते आणि गाडी सावकाश उतरते. आवाज होत नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, उचललेले धरून ठेवण्याचे काम स्टँडचे. दादा बराच वेळ आकृती पाहत होते. शेवटी म्हणाले, 'तेल वर्षानुवर्षं बदललं नव्हतं त्यातलं.'

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि हायड्रॉलिक यंत्रात दहा मायक्रॉनचे फिल्टर लावतात. डोळ्यांना न दिसणारा कचरा यंत्र बिघडवतो, आणि दादांच्या बाबतीत त्याने काय केले असेल हे कळले. प्रॅक्टिकलला जाणाऱ्या मुलांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दाबाखालच्या नळीची गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. सुईएवढ्या भोकातून निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि दुखतही नाही, तरी तडक इस्पितळ गाठावे, उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. दुसरे, स्विच बंद केला म्हणजे यंत्र मेले असे समजू नये. हवेच्या टाकीत दाब असतोच. काटा शून्यावर आणल्याशिवाय एकही जोड सोडू नये. त्याच हवेने कपडे झटकण्याची सवय कारखान्यात पुष्कळांना असते, ती लावून घेऊ नये.

केटीचा पेपर सुटला. गुण फार नाहीत, पण सुटला. पुढे दुसऱ्या एका कारखान्यात त्याला देखभाल खात्यात अप्रेंटिस म्हणून घेतले. गेल्या जुलैत एका रात्री त्याचा फोन आला. कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी कोणी उघडतच नव्हते, त्याने उघडली तर तांबूस पाण्याची धार लागली, बादली निम्मी भरली. सिलिंडर अडकण्याच्या तक्रारी चालू होत्या, त्या याच पाण्यामुळे असतील का, असे विचारीत होता. आम्ही वही काढली. तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरला जास्तीत जास्त तीस ग्रॅम बाष्प राहते. आठ घनमीटरांतील दोनशे चाळीस ग्रॅम एका घनमीटरात कोंबले आणि हवा परत तीस अंशांवर निवली, तर तीसच ग्रॅम बाष्परूपाने उरणार, दोनशे दहा ग्रॅमचे पाणी होणार. मिनिटाला किती हवा दाबली जाते ते त्याला माहीत नव्हते, आम्हांलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्रेसरवरची पाटी वाचून आला आणि आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब केला. तेव्हापासून ती तोटी रोज सकाळी आठच्या आत तोच उघडतो.